गाडीची नोंद आणि माणसाची

(नंदुरबार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)

नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने स्वतःची मोटार काढावी आणि दहा-बारा दिवसांत शेजारच्या देशात जाऊन परत यावे, ही कल्पना पन्नास वर्षांपूर्वी कोणी बोलून दाखविली असती, तर ऐकणाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली असती. आज ती तशी नेता येणार नाही. माध्यमिक शाळेतील शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दुकानदार, तापीकाठचा बागायतदार यांच्या दारात मोटार आली आहे. रस्ते सुधारले आहेत. दिवाळीच्या सुटीत नेपाळला जाऊन येणे हा आता फक्त श्रीमंतांचा षौक राहिलेला नाही.

कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सहलीचा विषय कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. सहल ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हे खरे. परंतु रस्ता, सीमा, परवाना, चलन आणि पेट्रोल या काही खाजगी बाबी नव्हेत. त्या राज्यकर्त्यांनी ठरविलेल्या असतात, आणि ठरविताना कोणाची सोय पाहिली गेली व कोणाची पाहिली गेली नाही, हे त्यांवरून कळते. म्हणून या मोटारीच्या मागोमाग जाऊन काय दिसते, ते पाहणे उपयोगाचे आहे.

समजा, एम. एच. ३९ क्रमांकाची एक मोटार दिवाळीनंतर शहाद्याहून निघाली. खेतियाला महाराष्ट्र संपतो. सेंधव्याला मुंबई-आग्रा रस्ता लागतो. इंदूर, गुना, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असे मुक्काम व टप्पे करीत सुमारे दीड हजार किलोमीटरांनंतर ती उत्तर प्रदेशाच्या महाराजगंज जिल्ह्यातील सोनौली या गावी पोहोचते. तेथे कमान आहे. कमानीपलीकडे नेपाळातील बेलहिया, आणि लगेच भैरहवा. भारतीय नागरिकाला पारपत्राची सक्ती नाही, व्हिसा नाही. ओळखीपुरते मतदार ओळखपत्र पुरते.

मोटारीचे मात्र तसे नाही. तिच्यासाठी नेपाळच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे जकात कचेरीत जावे लागते. नोंदणीचे पुस्तक, विमा, चालकाचा परवाना दाखवावा लागतो. किती दिवस राहणार ते सांगून दर दिवसाप्रमाणे शुल्क भरावे लागते. खाजगी भारतीय मोटारीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. परतताना कागद पुन्हा तपासला जातो, आणि मुदत उलटली असेल तर दंड बसतो. थोडक्यात, मोटार कोठून आली, कोणाची आहे, केव्हा आली आणि केव्हा जाणार, हे सारे कोठेतरी लिहिले जाते.

त्याच वेळी त्याच कमानीखालून उलट्या दिशेने माणसांचा एक ओघ भारतात येत असतो. नेपाळात दशैं आणि तिहार हे दोन मोठे सण. आपल्याकडील दसरा-दिवाळीच्याच सुमाराचे. सणाला घरी गेलेला नेपाळी मजूर तिहार आटोपला की पुन्हा कामावर निघतो. पाठीवर एक पिशवी, हातात एक फोन, आणि कोणातरी गाववाल्याने सांगितलेला पत्ता. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर. कोणी हॉटेलात भांडी घासणार, कोणी इमारतीच्या फाटकाशी उभा राहणार. आपल्या शहरांनी तर या माणसाचे नावही ठेवले नाही. तो मगर असो, थारू असो, खस असो, सर्वांना मिळून एकच ‘गुरखा’. त्याला अडविणारे कोणी नाही, ही चांगली गोष्ट. परंतु तो कोठे गेला, किती मजुरीवर गेला, जिन्यावरून पडला तर त्याच्या घरी कोण कळविणार, हे लिहून घेणारेही कोणी नाही.

ही मुक्त सीमा ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ तहाने पक्की केली. त्या तहाच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता करण्याची, व्यापारउदीम करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली. दक्षिण आशियात इतकी मोकळी व्यवस्था क्वचितच आढळते, आणि समाजवाद्यांनी तिचे मोल ओळखले पाहिजे. तथापि तिच्यात मजुरीचा दर, कामाचे तास, अपघाताची भरपाई यांविषयी शब्द नाही. ज्याच्यापाशी भांडवल आहे त्याला मोकळीक म्हणजे संधी. ज्याच्यापाशी केवळ दोन हात आहेत त्याला ती पुष्कळदा केवळ निराधारपण ठरते.

वाहनांच्या बाबतीत मात्र सरकारे स्वस्थ बसलेली नाहीत. काठमांडूच्या सार्क परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, भारत आणि नेपाळ यांनी प्रवासी वाहतुकीसाठी मोटार वाहन करार केला. सर्व सार्क देशांचा तसा करार पाकिस्तान तयार न झाल्यामुळे होऊ शकला नाही. तेव्हा १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ या चार देशांनी आपसांत करार केला. मालाचे ट्रक, प्रवासी बसगाड्या आणि खाजगी मोटारी यांना एकमेकांच्या रस्त्यांवरून जाता यावे, हा त्याचा उद्देश होता. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये त्याला संमती नाकारली, आणि पुढल्या वर्षी भूतानने उरलेल्या तिघांना आपल्यावाचून पुढे जाण्यास सांगितले. मोठ्या शेजाऱ्यांच्या गाड्यांचा लोंढा आला तर अरुंद डोंगरी रस्त्यांचे, हवेचे आणि स्थानिक वाहनवाल्यांच्या पोटाचे काय होईल, ही भीती त्यामागे होती. त्या भीतीला हसण्याचे कारण नाही. लहान देशाला आपला दरवाजा किती उघडावा हे ठरविण्याचा अधिकार असलाच पाहिजे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. चार देशांचे प्रतिनिधी एकत्र बसले, ते वाहनांसाठी. मजुरांसाठी तसे ते बसले नाहीत.

मोटार पुढे नेपाळात शिरते, पेट्रोल भरते. हे पेट्रोलही भारतातूनच गेलेले असते. बिहारमधील मोतिहारीपासून नेपाळातील अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटर लांबीची नळवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्यामुळे प्रवाशाला सर्व काही परिचित आणि स्वस्त वाटते. परंतु या परिचितपणाच्या पोटात परावलंबन आहे, आणि नेपाळी माणूस ते विसरलेला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, आणि त्यानंतर पुढील फेब्रुवारीपर्यंत सीमेवरील वाहतूक जवळजवळ खुंटली. भारत सरकारचे म्हणणे असे की, मधेशी आंदोलनामुळे ट्रक अडले. नेपाळी जनतेची भावना अशी की, दिल्लीनेच नाकेबंदी केली. त्या हिवाळ्यात भूकंपाने आधीच मोडलेल्या घरांत चुलीला गॅस नव्हता, दवाखान्यांत औषधे अपुरी पडत होती. अलीकडच्या वर्षांत नेपाळात आयात होणाऱ्या मोटारींमध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारी निम्म्याहून अधिक झाल्या आहेत. त्यामागे जलविद्युत आहे, करांतील सवलती आहेत, आणि त्या हिवाळ्याची आठवणही आहे. पोखऱ्याच्या रस्त्यावर विजेवरची मोटार दिसली की, नंदुरबारच्या प्रवाशाने केवळ नवल करून थांबू नये. हा आपल्याविषयीच्या अविश्वासाचाही एक पुरावा आहे, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात यावी. वाटेवरच्या खेड्यांत म्हातारी माणसे, स्त्रिया आणि मुले दिसतात. कमावते तरुण कमी दिसतात. परदेशी गेलेल्या कामगारांनी धाडलेला पैसा हा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथा हिस्सा भरतो. आखाती देश, मलेशिया आणि भारत येथे देशाचे तारुण्य राबते, आणि देश त्या मनीऑर्डरीवर जगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचा उठाव झाला आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना पायउतार व्हावे लागले. समाजमाध्यमांवरील बंदी हे निमित्त झाले. भ्रष्टाचार आणि बेकारी ही दुखणी जुनीच होती. केवळ हिमशिखरे पाहून परतलेल्या प्रवाशाला तो उठाव अकल्पित वाटला असेल. रिकामी खेडी पाहिलेल्याला तो तसा वाटला नसावा.

साथीहो, हे चित्र नंदुरबारकरांना परके वाटण्याचे काही कारण नाही. सोनौलीची कमान दीड हजार किलोमीटरांवर आहे, परंतु तिच्यासारखी जागा जिल्ह्यातच आहे. सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूरचे रेल्वे स्थानक १ मे १९६० रोजी झालेल्या राज्यांच्या विभागणीने दोन राज्यांत वाटले गेले. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्थानकप्रमुखाची खोली गुजरातेत. फलाटावरील एक बाक तर असा आहे की, अर्धा या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात. लोक त्यावर बसून हौसेने छायाचित्रे काढतात. परंतु ज्या दिवाळीनंतर शहाद्याची मोटार नेपाळला निघते, त्याच दिवाळीनंतर या सीमेवरून दुसरी एक रहदारी सुरू होते, आणि तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथील पाड्यांवरून भिल्ल, पावरा, मावची कुटुंबे ट्रकांत आणि टेम्पोंत बसून दक्षिण गुजरातेतील उसाच्या तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, उचल दिलेली असते. ती फेडण्यासाठी चार-सहा महिने बारडोलीच्या आसपासच्या फडांत राबायचे. जनावरांशेजारी, उघड्यावर, पाचटाच्या खोपीत राहायचे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या फडांत खानदेशी तोडकऱ्यांची ही स्थिती पाहून लिहून ठेवली. हे साखर कारखाने सहकारी आहेत, आणि शेतकऱ्याच्या हिताचे आदर्श म्हणून मिरवले गेले आहेत. सहकाराच्या या इमारतीत सर्वांत खालची वीट म्हणून जो दडपला गेला, तो तिचा सभासद कधीच नव्हता. पन्नास वर्षांनंतर फडाजवळ मोबाइल फोन आला. उचल आणि मुकादम गेलेले नाहीत.

आता नोंदीचा प्रश्न येथेही लावून पाहावा. या कुटुंबांना घेऊन जाणाऱ्या ट्रकाला क्रमांक आहे, परवाना आहे, विमा आहे. त्यातल्या माणसांची यादी कोठे आहे? संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला होता. ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पुस्तिका द्यावी, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, आणि घर सोडावे लागते म्हणून विस्थापन भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती. कायदा चांगला होता. तो बव्हंशी कागदावरच राहिला. २०२० मध्ये संमत झालेल्या कामगारविषयक संहितेत तो सामावून टाकण्यात आला. स्वतःहून आलेल्या मजुराचाही व्याख्येत समावेश झाला, ही त्यातील सुधारणा. परंतु पाच मजुरांची मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्ता उरला नाही. सोनौलीच्या भन्साराच्या खिडकीवर एका मोटारीसाठी जेवढी दक्षता दिसते, तेवढी तळोद्याहून निघणाऱ्या एका कोयत्यासाठी कोठेही दिसत नाही.

विरोध एवढ्यावर संपत नाही. ज्या जिल्ह्यातून मोटार दीड हजार किलोमीटर विनासायास जाते, त्याच जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील काही पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतच असतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील शंभरांपैकी ६९ माणसे आदिवासी आहेत. रस्ता कोठे जातो आणि कोठे जात नाही, हे पाहिले की विकासाच्या गप्पांना निराळा पुरावा लागत नाही.

हे सर्व २०२० साली उघडे पडले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. कधी न मिटणारी भारत-नेपाळ सीमा मिटली. महाकाली नदीच्या अलीकडे धारचुल्याला अडकलेल्या नेपाळी मजुरांपैकी काहींनी घरी जाण्यासाठी नदीत उड्या टाकल्या आणि पोहून पैलतीर गाठला. इकडे गुजरातेतून निघालेले मजूर पोरांना खांद्यावर घेऊन महामार्गाने चालत होते. मोटारवाल्याला संगणकावर अर्ज करून प्रवासाचा पास मागता येत होता. पायी चालणाऱ्याला पास कोणी द्यायचा, आणि कोणत्या नोंदीवरून? तो गेला तेव्हा त्याची नोंद नव्हती. म्हणून तो परतला तेव्हा सरकारला तो अनपेक्षित वाटला.

या प्रश्नाकडे पाहण्याची समाजवाद्यांची स्वतःची एक दृष्टी आहे, आणि तिचा उगम योगायोगाने एका दिवाळीतच सापडतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार आणि त्याचे साथी गोळीबारात हुतात्मा झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या रात्री, जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले आणि पुढे नेपाळच्या तराईत गेले. राममनोहर लोहिया तेथे त्यांना मिळाले. १९४३ मध्ये राणांच्या सरकारने दोघांना पकडून हनुमाननगरला ठेवले, तेव्हा साथींनी हल्ला करून त्यांना सोडविले. मदत करणाऱ्या नेपाळी माणसांनी त्याची किंमत राणाशाहीच्या तुरुंगात मोजली. विश्वेश्वरप्रसाद कोइराला, जे १९५९ मध्ये नेपाळचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान झाले, त्यांनी भारताच्या स्वातंत्र्यासाठी भारतातील तुरुंग भोगला. आणि १९४९ मध्ये नेपाळी लोकशाहीसाठी दिल्लीत निदर्शने केली म्हणून लोहियांना स्वतंत्र भारताच्या सरकारने अटक केली. शेजारी देशात जाण्याचा हाही एक मार्ग होता. त्या प्रवाशांजवळ मोटार नव्हती, परवाना नव्हता. पलीकडचा माणूस आपला आहे, एवढीच खात्री होती.

मोटारीने जाणाऱ्या मध्यमवर्गीयाला हिणविण्यासाठी ही आठवण सांगितलेली नाही. मोटार घेणे हा गुन्हा नव्हे. कष्टाने शिकलेल्या माणसाने बायकापोरांना हिमालय दाखवावा, यात वावगे काहीच नाही. किंबहुना असे प्रवास वाढावेत. शेजारी देशाविषयीचे अज्ञान ही युद्धखोरांची पुंजी असते, आणि ती पुंजी प्रत्यक्ष भेटीनेच आटते. मागणी एवढीच आहे की, जी मोकळीक आणि जी दक्षता वाहनाच्या वाट्याला आली, ती माणसाच्या वाट्यालाही यावी.

त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची यादी करावी: कोण, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याच्या फडावर, किती उचल घेऊन. ही यादी पोलिसी पाळतीसाठी नसावी, हक्कासाठी असावी. म्हणून ती ग्रामसभेत वाचली जावी आणि तिची प्रत मजुराच्या हाती असावी. शिधापत्रिका आता देशभर कोठेही चालते. ती फडाजवळच्या दुकानात खरोखर चालते की नाही, हे कार्यकर्त्यांनी हंगामात जाऊन पाहावे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर, म्हणजे ट्रक निघण्यापूर्वी, सुरू व्हावीत. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन सरकारांनी तोडकऱ्यांच्या मजुरीविषयी आणि अपघाताविषयी एकत्र बसावे. चार देश वाहनांसाठी एकत्र बसू शकतात, तर एका बाकावर बसलेली दोन राज्ये माणसांसाठी बसू शकत नाहीत, हे ऐकून घेण्याचे कारण नाही.

सोनौलीहून लुंबिनी फार दूर नाही. नेपाळला जाणारे महाराष्ट्रीय कुटुंब बहुधा तेथे जातेच. तेथे अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरील लेखात सांगितले आहे की, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः तेथे आला, त्याने पूजा केली आणि स्तंभ उभारला. प्रवास एवढ्यावर संपला नाही. बुद्धाचे हे जन्मस्थान म्हणून त्याने लुंबिनी गावाचा बली हा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असा त्या लेखाचा अर्थ अभ्यासक लावतात. एक मोठा माणूस प्रवासाला आला, आणि जाताना तेथील कष्टकऱ्याच्या पाठीवरचे ओझे थोडे हलके करून गेला.

सामान्य प्रवाशाच्या हाती कर माफ करण्याची सत्ता नाही. परंतु परत आल्यावर आपल्या सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचे नाव आणि गाव विचारणे, त्याला किमान वेतन मिळते की नाही ते पाहणे, आणि दिवाळीनंतर नवापूरच्या नाक्यावरून जाणारा ट्रक दिसला की त्यातल्या माणसांची नावे ग्रामपंचायतीत आहेत काय याची चौकशी करणे, एवढे त्याला निश्चित करता येईल. पुढल्या हंगामाला फार दिवस उरलेले नाहीत. यादीचे काम आताच हाती घ्यावे लागेल.